घरच्यांच्या खुर्च्या

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यात माझ्या नवऱ्याचं आयुष्य गेलं, पण तो स्वतः रागात अडकला की त्याला बाहेर काढणारा अजून जन्माला यायचाय. एके दिवशी तो कुठल्याशा कार्यक्रमाचं तिकीट काढता काढता, पलंगाच्या कडेवर बसून फोनला सुनावत होता.

"सुविधा शुल्क! अरे, कसली सुविधा? फोन माझा, बोटं माझी, डोळे माझे फुटायला आलेत. सुविधा झाली ती तुझी. मग तूच दे की मला शुल्क!"

"चष्मा लाव," मी म्हटलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे जगातल्या बहुतेक प्रश्नांना माझ्याकडे हे एकच उत्तर असतं.

"चष्मा लावून काय होणार? आकडा आणखी मोठा दिसेल." त्याने फोन उशीवर टाकला. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी जातो खिडकीवर."

खिडकी म्हणजे सभागृहाची तिकीटखिडकी. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात, आणि बसचं भाडं त्या शुल्कापेक्षा जास्त होतं. हे मी त्याला फोनवर तिकिटं मिळायला लागल्यापासून सांगत आलेय, पण पालथ्या घड्यावर पाणी. "भाड्याच्या बदल्यात बस मला कुठेतरी नेऊन तरी सोडते," हे त्याचं उत्तर ठरलेलं.

आमच्यात पहिल्यापासून अरे-तुरे आहे, पण हाक मी त्याला 'मिस्त्री' अशीच मारते. त्याच्या कंपनीत सगळे तसंच म्हणत, आणि माझ्याही तोंडात ते बसलं. तर या मिस्त्रीला गाण्याबजावण्याचं वेड आहे. वेड असायला माझी हरकत नाही, पण याच्या वेडालाही कागदपत्रं लागतात. लिफ्टचं यंत्र असतं त्या खोलीत भिंतीला एक जाड पिवळं कार्ड टांगलेलं असतं. तारीख, काय तपासलं, शेरा, सही. कंपनीने कार्डाचा नमुना बदलला तेव्हा जुन्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा रद्दीत निघाला, तो हा घरी घेऊन आला, आणि ऐकलेल्या प्रत्येक कार्यक्रमाची नोंद त्यावर करू लागला. त्यामुळे आमच्या घरी भल्याभल्या गायक-वादकांची तपासणी झालेली आहे. कोणापुढे 'सुरळीत'. कोणापुढे 'सुरुवातीला अडखळत, नंतर सुरळीत'. एका नावाजलेल्या गायिकेपुढे तर 'वरच्या मजल्यावर आवाज करते' असा शेरा आहे. खाली सही.

कार्डावर चढायला दोन अटी. एक, तिकीट स्वतःच्या पैशाने काढलेलं हवं. दुसरी, पहिल्या सुरापासून शेवटच्या टाळीपर्यंत खुर्ची सोडलेली नको. एकदा खोकल्याची उबळ आली म्हणून तो जरा बाहेर जाऊन आला, उरलेला कार्यक्रम माना डोलवत ऐकला, पण कार्डावर काही घेतला नाही. "अर्धी तपासणी ही तपासणी नव्हे," म्हणाला. आणि फुकटच्या पासाचं तर नावच काढायचं नाही. "फुकट ऐकलं की तोंड बंद ठेवावं लागतं. पैसे मोजले की नावं ठेवायचा हक्क मिळतो." सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशातला प्रकार. मी हसून सोडून देत असे. यात कोणाला लागण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आमच्याच घरात एक चेलो वाजवणारी पोर होती.

चेलो म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड, गुडघ्यांत धरून वाजवायचं. आमच्या लेकीचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण घरात ती ठमीच. लहान होती तेव्हा तिच्यापेक्षा ते वाद्यच मोठं दिसायचं. शहरातल्या वाद्यवृंदात ती कित्येक वर्षं मागच्या रांगेत वाजवतेय. तिथली जुनी रीत अशी, की तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्च्या वादकांच्या घरच्यांसाठी राखून ठेवायच्या. पास दारावर पाकिटात मिळतो. त्यांना सगळे 'घरच्यांच्या खुर्च्या' म्हणतात, आणि एकदा नावाने राखलेली खुर्ची रिकामी राहिली तरी दुसऱ्याला देत नाहीत. ठमीच्या झाडून सगळ्या कार्यक्रमांना आम्ही दोघं तिथे बसत आलो. वाजवायला बसण्याआधी ती एकदा आमच्याकडे बघते. मग चेलोचं टोक जमिनीवर टेकवते आणि कामाला लागते.

बापाच्या वाढदिवसाला ती आली ती त्याच्या फोनमध्ये काहीतरी नवं घालायचं ठरवूनच. ऐकलेल्या कार्यक्रमांची यादी ठेवायची सोय होती त्यात. कुठे, कधी, कोणाचा, सगळं भरता येत होतं. "कार्डांना वाळवी लागेल बाबा, त्याआधी मी सगळं यात चढवते," असं म्हणून तिने जमिनीवर बैठक मारली. मिस्त्री कार्ड वाचायचा, ती भरायची. दुपार त्यातच गेली. दोघं एकेका शेऱ्यावर खिदळत होते. मी चहा करून दिला आणि माझ्या कामाला लागले. बरं वाटत होतं घरात.

"झालं शेवटचं कार्ड," ठमी म्हणाली. "आता माझे कुठल्या कार्डावर आहेत, ते द्या."

मिस्त्रीने चहाचा घोट घेतला. "तुझे पासवर ऐकले ना."

"मग?"

"मग ते जमेस धरत नाही मी."

"एकही नाही?"

"नियम म्हणजे नियम."

"म्हणजे ती वरच्या मजल्यावर आवाज करणारी बाई यादीत आहे, आणि मी नाही?"

"ती पैसे घेऊन आवाज करत होती," मिस्त्री म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला.

ठमीही हसली. पण हसता हसता तिने चष्मा काढून पुसला, आणि स्वच्छ काच पुसत बसणारी माणसं मी दुकानात रोज बघते. थोड्या वेळाने तिला काहीतरी काम आठवलं. केक तसाच बशीत ठेवून ती गेली.

दार लागलं तशी मी मिस्त्रीवर घसरले. "अक्कल गहाण टाकलीस का रे? पोरगी तासन्‌तास बसून तुझी यादी भरतेय आणि तिला तू सांगतोस की ती जमेस नाही?"

तो गप्प राहिला. मिस्त्री भांडला की समजावं सगळं ठीक आहे. तो गप्प राहिला की घोटाळा आहे. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तिचं वाजवणं मला ऐकूच येत नाही गं."

"म्हणजे?"

"ती बसली की माझा जीव टांगणीला. आता चुकेल, मग चुकेल. संपेपर्यंत एवढंच डोक्यात. लिफ्टचा दोर तपासताना आत आपलंच माणूस उभं असलं तर कसं होईल, तसं होतं. मग शेरा काय लिहू? 'सुरळीत' लिहू? मी ऐकलेलंच नाही. खोटा शेरा मी आयुष्यात कधी लिहिला नाही."

"मग हे तिला सांग ना."

"हे कसं सांगायचं?" तो म्हणाला. आणि या प्रश्नावर माझ्याकडेही चष्म्याचा काही इलाज नव्हता.

त्यानंतर ठमी फोन करायची, पण मला. बाबा कसे आहेत विचारायची, पण त्यांना द्या म्हणायची नाही. मग एका संध्याकाळी तिचा आवाज वेगळाच लागला. पुढच्या कार्यक्रमात तिला एकटीने पुढे बसून वाजवायला सांगितलं होतं. वाद्यवृंद मागे, ही समोर. पूर्वी एकदा तिला असंच विचारलं होतं तेव्हा तिने तब्येतीचं निमित्त काढून टाळलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"या वेळी हो म्हणू का?" तिने विचारलं. "बाबा काय म्हणतील?"

मी फोन मिस्त्रीच्या हातात कोंबला. तो उभा राहून बोलला, साहेबाशी बोलावं तसा. "घे," म्हणाला. "घेऊन टाक." मग ऐकत राहिला. ठमीचा आवाज मलाही ऐकू येत होता. ती म्हणत होती, "दोन पास ठेवते नेहमीसारखे. जमेस धरा नाहीतर धरू नका, बाबा, पण या."

फोन ठेवल्यावर मिस्त्री खोलीत येरझाऱ्या घालू लागला. "या वेळी तिकीट काढायचं," तो म्हणाला. "दोघांचं. रीतसर. आणि मन घट्ट करून नीट ऐकायचं. संपला कार्यक्रम की तिच्या हातात कार्डच ठेवतो. आधी तिला काही बोलायचं नाही."

"आणि पास?"

"राहू देत पाकिटात. पासवर बसलो तर जमेस कसं धरणार?"

मी तेव्हाच विचार करायला हवा होता. पण त्याच्या चेहऱ्यावरचा उत्साह बघून माझीही अक्कल चरायला गेली. मला वाटलं, सुटला एकदाचा गुंता. दोघं म्हातारे दोन शाळकरी पोरांसारखे कट करत बसलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन बस बदलून खिडकीवर गेलो, तर खिडकीच नव्हती. तिच्या जागी एक गुळगुळीत फळी आणि फळीवर फोनचं चित्र. त्या खिडकीत वर्षानुवर्षं बसणाऱ्या बाई मुख्य दाराशी निळा कोट घालून उभ्या होत्या. मिस्त्रीला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"मला आता दारावर नेमलंय, साहेब," त्या म्हणाल्या. "तिकीट फोनवरच. माझ्या हातात काही राहिलं नाही."

"तुम्ही इथे उभ्या, मी इथे उभा, सभागृह हे समोर. मध्ये फोन कशाला हवा?"

"हे मी वरही विचारलं होतं," बाई म्हणाल्या.

तिथेच पायरीवर बसून मिस्त्रीने फोन काढला. चष्मा मी लावून दिला. खालच्या सगळ्या खुर्च्या गेल्या होत्या, फक्त सगळ्यात वरच्या मजल्यावर काही उरल्या होत्या. त्याने दोन निवडल्या तसं पडद्यावर एक घड्याळ उलटं धावू लागलं. आणि मग एकेक शुल्क उगवायला लागलं. सुविधा शुल्क. त्याखाली व्यवहार शुल्क. त्याखाली तिकीट घरी छापून घेण्याचं शुल्क.

"घरी?" मिस्त्री ओरडला. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. "कागद माझा, शाई माझी, घर माझं! उद्या म्हणतील, टाळ्या वाजवायचं शुल्क. हात आमचे आहेत का तुमचे?"

"मिस्त्री, घड्याळ बघ."

"बघतोय! हे घड्याळ कोणाला दाखवतोस? मी काय बॉम्ब निकामी करतोय?"

भांडता भांडता वेळ संपली. पडद्याने खेद व्यक्त केला आणि त्या खुर्च्या काढून घेतल्या. त्याने पुन्हा निवडल्या, तर आता त्यांच्याही मागची रांग मिळाली. मिस्त्रीने फोन मांडीवर ठेवला. आयुष्यभर त्याने ते शुल्क भरलं नव्हतं. खिडकीवर गर्दी असली तर तो गर्दीत उभा राहिला, खिडकी बंद असली तर दुसऱ्या दिवशी गेला, आणि नाहीच जमलं तर कार्यक्रमावर पाणी सोडलं. एकदा ज्याच्यासाठी तो वेडा होता त्या वादकाचा कार्यक्रम त्याने असाच घालवला होता. त्याने अंगठ्याने ते बटण दाबलं, आणि दाबल्यावर जरा वेळ तो अंगठा बघत बसला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," तो म्हणाला. "पोरीसाठी."

कार्यक्रम रविवारी दुपारचा होता. आम्ही मुद्दाम अगदी वेळेवर गेलो, कोणी ओळखीचं भेटायला नको म्हणून. वरच्या मजल्यावर शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो. तिथून रंगमंच टेबलावर ठेवलेल्या पेटीएवढा दिसत होता. मिस्त्रीने गुडघे आवळून घेतले आणि खिशात कोरं कार्ड आहे ना ते चाचपलं. मी खाली बघत होते. सगळं सभागृह भरलेलं, आणि तिसऱ्या रांगेत कडेला दोन रिकाम्या खुर्च्या. दात पडलेल्या तोंडासारख्या त्या लगेच डोळ्यांत भरत होत्या. तरीही मला कळलं नाही. खरंच सांगते, त्या बघूनही मला कळलं नाही.

मग ठमी आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती खुर्चीवर बसली, आणि चेलोचं टोक टेकवण्याआधी तिने नेहमीसारखं बघितलं.

माणूस नेमका कुठे बघतोय हे ओळखणं हा माझा धंदा आहे. इतक्या लांबूनही मला दिसलं. ती त्या दोन खुर्च्यांकडे बघत होती. मग तिने दाराकडे बघितलं. मग पुन्हा खुर्च्यांकडे. मग खाली आपल्या हातांकडे.

"मिस्त्री," मी कुजबुजले, "तिला वाटतंय आपण आलोच नाही."

"दिसतंय मला," तो म्हणाला.

रचनेचे तीन भाग होते. पहिला सुरू झाला. एकही सूर चुकत नव्हता आणि एकही सूर मोकळा सुटत नव्हता. हात आखडलेला, मान खाली. मी हात हलवावा, ओरडावं, काहीतरी खाली टाकावं असं मला वाटत होतं, आणि आपण किती मूर्ख आहोत हे एकीकडे समजत होतं. रीतसर पैसे भरून, सगळी शुल्कं भरून, आम्ही आमच्या लेकीपासून शक्य तितक्या लांब येऊन बसलो होतो.

पहिला भाग संपला. भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात. लोक फक्त खोकून घेतात. त्या खोकल्यांत मिस्त्री उठून उभा राहिला.

"अरे, कार्ड—" मी म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं.

"खड्ड्यात गेलं कार्ड."

लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत, माफी मागत आम्ही बाहेर पडलो. समोरच लिफ्ट होती. त्याने तिच्याकडे बघितलं आणि जिन्याकडे वळला. "दार आपटतं तिचं," तो म्हणाला. "आत ऐकू जाईल." त्याचा डावा गुडघा वर्षभर धड नाही. कठड्याला धरून, एकेक पायरी दातओठ खात उतरत तो खाली आला, मी त्याच्या मागे. आम्ही खालच्या दाराशी पोचेपर्यंत दुसरा भाग सुरू झाला होता, आणि दारात निळ्या कोटातल्या बाई उभ्या होत्या.

"आता नाही, साहेब. हा भाग संपला की सोडते."

"माझी मुलगी वाजवतेय," मिस्त्री म्हणाला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने कुठल्याही दारात वापरलं नव्हतं.

"माहीत आहे मला. तुमचं पाकीट तसंच पडून आहे. मी मघापासून म्हणतेय, आज आले कसे नाहीत." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "पण आता दार उघडलं तर तिचंच लक्ष जाईल. थांबा जरा."

आम्ही थांबलो. दार जाड होतं, पण खालच्या फटीतून आणि लाकडातूनही आवाज येत होता. मिस्त्री पुढे झाला आणि त्याने कान दाराला लावला. यंत्राच्या खोलीबाहेर तो असाच उभा राहायचा.

हा भाग संथ होता. मागचा वाद्यवृंद जवळजवळ गप्पच, आणि वर एकटा चेलो. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण तो सूर कोणाकडे बघत नव्हता, एवढं मला कळलं. रागावलेला होता तो, हे नक्की. सुरुवातीला तर चांगलाच रागावलेला. मग राग कुठेतरी विरला आणि तो नुसताच चालत राहिला, सावकाश, घर सोडून निघालेल्या माणसासारखा, ज्याला परतायची घाई नाही. ठमीच्या वाजवण्यात मी असं कधी ऐकलं नव्हतं. निळ्या कोटातल्या बाईंनी हातातल्या किल्ल्या घट्ट मुठीत धरल्या, वाजू नयेत म्हणून.

मी मिस्त्रीकडे बघितलं. ठमीच्या कार्यक्रमात त्याचे खांदे नेहमी कानांपर्यंत वर चढलेले असतात. संपल्यावर घरी येऊन मी त्यांना तेल चोळते. ते खांदे खाली आले होते. डोळे मिटलेले होते. आत कोण आहे, चुकेल की नाही, काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. तो ऐकत होता. आणि त्या दाराबाहेर उभं राहायला कोणी आमच्याकडून काही घेतलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी पदराआड दाबून टाकलं.

सूर थांबला. आत खोकले सुरू झाले. बाईंनी दार ढकललं आणि आम्ही मधल्या वाटेने पुढे गेलो. मिस्त्रीचे बूट करकरत होते आणि तो लंगडत होता, त्यामुळे त्या शांततेत प्रत्येक करकरीला वेगळा ताल होता. लोक वळून बघत होते. आम्ही तिसऱ्या रांगेत, त्या दोन खुर्च्यांत बसलो. ठमी खुंटी पिळून तार लावत होती. तिने मान वर केली आणि आम्हाला बघितलं. ती हसली नाही. नुसती बघत राहिली, इतका वेळ की समोर काठी घेऊन उभा असलेला वाद्यवृंदाचा प्रमुख तिच्यासाठी थांबला. मग तिने श्वास घेतला आणि त्याला मान हलवून होकार दिला.

तिसरा भाग जलद होता, आणि तिने तो छान वाजवला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पण तो मधल्या भागासारखा नव्हता. आणि मिस्त्रीचे खांदे पुन्हा कानाला भिडले होते.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही मागच्या खोलीत गेलो. भिंतीला वाद्यांच्या पेट्या टेकवलेल्या, कोणी कोट काढतंय, कोणी पाणी पितंय. ठमी कोपऱ्यात चेलो धरून उभी होती.

"कुठे होता तुम्ही?" तिने विचारलं. चढा आवाज नव्हता तिचा.

मिस्त्री बोलायला लागला आणि सवयीप्रमाणे शुल्कांपासून लागला. सुविधा, व्यवहार, छपाई, उलटं घड्याळ. मी त्याला कोपराने ढोसलं. "तिकीट काढलं होतं," तो म्हणाला. "वर बसलो होतो. तुला जमेस धरायचं होतं. पण मी मध्येच उठलो, त्यामुळे आता..."

ठमी त्याच्याकडे बघत राहिली. "मी दोन रिकाम्या खुर्च्या बघत होते, बाबा. पहिला भाग कसा वाजवला मला आठवतही नाही. मग म्हटलं, नाही आले तर नाही आले. इतकी वर्षं यांच्या शेऱ्यासाठी वाजवतेय, आणि तो काही यायचा नाही. आता एकदा कोणासाठीच नाही वाजवायचं." तिने नाक ओढलं. "दुसरा भाग मी तुमच्यावर रागावून वाजवला. तुम्ही तेव्हाही वरच होता?"

"दाराबाहेर."

"ऐकू आलं?"

मिस्त्रीने तोंड उघडलं आणि मिटलं. जगातल्या झाडून सगळ्या वादकांबद्दल या माणसाकडे मत असतं. त्याच्या खिशातून कार्डाचं टोक बाहेर आलं होतं, ते त्याने आत ढकललं.

"आलं," तो म्हणाला. "कोण वाजवतंय तेच विसरलो होतो मी."

तिने चेलो माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत तिने तो मला कधी धरायला दिला नव्हता. मग बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून ती मोठ्याने रडली, आजूबाजूला माणसं असताना. मिस्त्रीला हात कुठे ठेवावा कळेना, शेवटी त्याने तो तिच्या डोक्यावर ठेवला. मी ते जड वाद्य पोटाशी धरून उभी राहिले. ती जिथे त्याला छातीशी धरते तिथलं लाकूड अजून गरम होतं.